वाचकांचे प्रश्न : 'गेट' हा इंग्रजीतला 'लागणे' आहे

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की इंग्रजीतला कुठलाही रोजचा शब्द तुम्हाला अडवत असेल तर कळवा, अवघड शब्द नको, साधाच सांगा. आणि पत्रं उघडत गेले तर एकच शब्द पुन्हा पुन्हा येत राहिला, गेट. दारावरचा गेट नाही, क्रियापद गेट, ज्याचा भूतकाळ गॉट. इंग्रजीत सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पहिल्या दहा क्रियापदांत हा येतो, त्यामुळे यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय.

प्रश्न : मॅडम, मुलं मोठी झाली, आता वेळ मिळतो म्हणून मी इंग्रजी शिकायला घेतलंय. परवा डिक्शनरीत गेट बघितला आणि डोकंच गरगरलं. मिळणे, आणणे, होणे, पोचणे, समजणे, पकडणे, आजार होणे... संपतच नाही. वहीत उतरवून पाठ करायला घेतलं पण वाक्य समोर आलं की कुठला अर्थ लावायचा तेच कळत नाही. याचा खरा अर्थ कोणता?

ताई, आधी ते पाठ करणं थांबवा, अगदी मनापासून सांगते. वही ठेवून द्या आणि एक मिनिट आपल्या मराठीतल्या 'लागणे'चा विचार करा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, डोळा लागतो, नाद लागतो, शोध लागतो, कुणाला गाडी लागते, कुठे जायला दोन तास लागतात, बाळ रडायला लागतं, आणि मनात नसलं तरी जावं लागतं. आता एखादा परका माणूस मराठी शिकायला बसला आणि तुम्हाला म्हणाला की लागणे चा खरा अर्थ सांगा, तर काय सांगाल? सांगताच येणार नाही. पण तुम्ही स्वतः आयुष्यात एकदा तरी लागणे मुळे अडखळलात का? नाही, कारण आपण 'लागणे' एकटं ऐकतच नाही, शेजारी भूक आहे की ठेच आहे त्यावरून अर्थ आपोआप लागतो (बघा, इथेही लागलाच).

गेट चं हुबेहूब हेच आहे, फक्त त्याचा शेजारी उजवीकडे बसतो. वाक्य वाचताना गेट वर थांबू नका, त्याच्या पुढच्या शब्दावर जा. पुढे वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे, 'आय गॉट अ लेटर' मला पत्र मिळालं, 'गेट मी अ चेअर' मला खुर्ची आण. पुढे विशेषण असेल तर होणे, 'इट इज गेटिंग डार्क' अंधार व्हायला लागलाय, 'ही गॉट अँग्री' तो चिडला. पुढे जागा किंवा दिशा असेल तर पोचणे, जाणे, 'आय गॉट होम अ‍ॅट टेन' मी दहाला घरी पोचले. आणि पुढे क्रियापदाचं तिसरं रूप असेल तर आपल्या बाबतीत काहीतरी घडलं, 'ही गॉट हर्ट' त्याला लागलं. एवढं जमलं तरी रोजची बरीचशी वाक्यं सुटतात, बाकीचं वाचता वाचता येतं.

आता हे सगळे अर्थ एकाच शब्दात का आले असतील असं तुम्हाला वाटणारच. मला विचाराल तर गेट च्या पोटात एकच गोष्ट आहे, बदल. आधी पत्र हातात नव्हतं, आता आहे. आधी मी घरी नव्हते, आता आहे. आधी तो शांत होता, आता नाही. म्हणून 'आय अ‍ॅम टायर्ड' म्हणजे मी दमलेली आहे, आत्ताची अवस्था, आणि 'आय गॉट टायर्ड' म्हणजे मी दमले, दमण्याचा तो टप्पा आला. लग्नाच्या बाबतीत हा फरक फार स्पष्ट दिसतो, 'दे वर मॅरिड फॉर टेन इयर्स' बरोबर, ते दहा वर्षं विवाहित होते, पण 'दे गॉट मॅरिड फॉर टेन इयर्स' चुकीचं, कारण लग्न होणं ही एका दिवसाची घटना, ती दहा वर्षं कशी चालेल.

एका ठिकाणी मात्र जपा. मराठीत 'तो चिडला झाला' म्हणत नाही पण 'तो मोठा झाला', 'तो डॉक्टर झाला' हे सगळं एकाच 'झाला' ने होतं, आणि म्हणून आपण इंग्रजीतही एकच गेट दोन्हीकडे लावून टाकतो. 'होणे' या अर्थाचा गेट विशेषणाबरोबर चालतो, नामाबरोबर नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलीने नोकरीच्या अर्जात लिहिलं होतं, 'आफ्टर माय डिग्री आय गॉट अ टीचर'. तिला म्हणायचं होतं की मी शिक्षिका झाले, आणि वाचणाऱ्याला कळणार की पदवीनंतर मला एक शिक्षक मिळाले. व्याकरणाची लाल रेघसुद्धा येणार नाही कारण वाक्य म्हणून ते बरोबरच आहे, फक्त तिचं नाही. माणूस काहीतरी 'बनतो' तिथे बिकेम वापरायचं, 'आय बिकेम अ टीचर'. अजून एक बारीकसा मुद्दा, बिघडण्याच्या दिशेने होणारे काही बदल गेट घेत नाहीत, गो घेतात, माणूस वेडा होतो तेव्हा 'गो मॅड', टक्कल पडतं तेव्हा 'गो बॉल्ड', आणि रंग बदलतो तिथे बहुतेक वेळा टर्न किंवा गो येतो. हे वाचनातूनच अंगवळणी पडेल, घाई नको.

प्रश्न : ताई, मी एका ऑफिसात आहे, परदेशातल्या टीमशी बोलावं लागतं. मी सांगितलं 'आय रिपेअर्ड माय लॅपटॉप' तर समोरचा म्हणाला वा, तुला हार्डवेअरचं पण येतं का. मी तर दुकानात दिला होता. यात माझं काय चुकलं?

तुमचं वाक्य व्याकरणात कुठेच चुकलेलं नाही, फक्त मराठीत आपण ज्याला 'करून घेणे' म्हणतो ते त्यात आलं नाही. मराठीत 'मी लॅपटॉप दुरुस्त केला' म्हटलं तरी ऐकणारा समजून घेतो की दुकानात दिला असेल, केस कापले म्हटलं तरी कुणी विचारत नाही की स्वतः कापलेस का. इंग्रजीत ही सवलत नाही. दुसऱ्याकडून करून घेतलं असेल तर ते वाक्यात दिसलं पाहिजे, आणि ते दाखवायचं काम गेट करतो, 'आय गॉट माय लॅपटॉप रिपेअर्ड', 'आय गॉट माय हेअर कट', 'आय नीड टु गेट माय आइज टेस्टेड'.

शब्दांचा क्रम बघा, कारण निम्म्या चुका इथेच होतात. आधी गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप. 'आय गॉट रिपेअर्ड माय लॅपटॉप' असं खूप ऐकू येतं कारण मराठीत दुरुस्त आणि करून घेतला जवळजवळ बसतात, पण इंग्रजीत लॅपटॉप मध्ये बसलाच पाहिजे. मी मुलांना सांगते की गेट ने आधी वस्तू हातात धरायची आणि मग तिचं काय झालं ते सांगायचं. 'गेट इट डन' हे तीन शब्द सगळ्यांच्या तोंडात आहेत ना, तोच साचा डोक्यात ठेवा आणि इट च्या जागी वस्तू, डन च्या जागी काम घाला.

आता हेच माणसाच्या बाबतीत. समजा एका कागदावर कुणाची तरी सही हवी होती. 'आय गॉट हिम टु साइन', 'आय हॅड हिम साइन', 'आय मेड हिम साइन', तिन्हीत सही झाली, पण मराठीत लिहून बघा म्हणजे फरक डोळ्यासमोर येईल. पहिल्यात मी त्याला सही करायला तयार केलं, थोडी मनधरणी झाली, समजावलं. दुसऱ्यात मी त्याच्याकडून सही करून घेतली, रीतसर, ते त्याचं कामच होतं. तिसऱ्यात मी त्याला सही करायला लावलं, त्याच्या मनात नव्हतं. आणि टु फक्त गेट बरोबर येतो, हॅव आणि मेक बरोबर नाही. मला वाटतं हा एक टु कुठे येतो हे कळलं की इंग्रजी बोलणाऱ्याचा आत्मविश्वास खूप वाढतो, कारण अडखळायला होतं ते नेमकं इथे.

आणि शेवटी एक असं साम्य सांगते जे मला स्वतःला फार आवडतं. आपण म्हणतो ना, 'घाईघाईत हात भाजून घेतला', 'दारात बोट चेमटून घेतलं'? तिथे कुणी मुद्दाम काही करवून घेतलेलं नसतं, दुर्दैवाने झालेलं असतं, तरी आपण 'घेतलं' म्हणतो. इंग्रजीतही तसंच, 'आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर'. केस कापून घेतले आणि बोट चेमटून घेतलं, एकाला इच्छा एकाला अपघात, साचा तोच, आणि दोन्ही भाषांत तोच. त्यामुळे 'करून घेणे' हा शब्दप्रयोग मनात पक्का ठेवलात तर गेट चा हा वापर तुम्हाला परका वाटणारच नाही.

प्रश्न : 'हॅव गॉट' आणि 'हॅव' मध्ये फरक काय? 'डू यू हॅव गॉट अ पेन' बरोबर का?

अर्थात काही फरक नाही, दोन्ही म्हणजे जवळ असणे, हॅव गॉट जरा बोलण्यातलं आणि ब्रिटिश कानाला जास्त सवयीचं. पण प्रश्न विचारताना दोन्ही एकत्र करू नका, एकतर 'हॅव यू गॉट अ पेन' नाहीतर 'डू यू हॅव अ पेन'. भूतकाळात मात्र 'जवळ होतं' साठी साधं हॅड च ठेवा.

प्रश्न : मी फोनवर ग्राहकांशी बोलतो, सगळे परदेशी. ट्रेनिंगमध्ये मला सांगण्यात आलं की माझी तीन वाक्यं बदल, 'आय गॉट टु नो दॅट युवर ऑर्डर इज लेट', 'आय डिडन्ट गेट यू' आणि 'प्लीज गेट डाउन फ्रॉम द बस अ‍ॅट द नेक्स्ट स्टॉप'. ही तर सगळेच बोलतात. खरंच चूक आहेत का?

दादा, आधी हे सांगते की आपल्याकडे ही तिन्ही वाक्यं सर्रास चालतात आणि आपल्या माणसांत कुणाचं काही अडत नाही, त्यामुळे चूक या शब्दाने मनाला लावून घेऊ नका. पण समोरचा दुसऱ्या देशातला असेल तर त्याला वेगळंच काहीतरी ऐकू जातं, म्हणून बदलायला सांगितलं असेल.

'गॉट टु नो' घ्या. आपल्याला म्हणायचं असतं मला कळलं, समजलं, एखादी बातमी कानावर आली. पण ब्रिटन अमेरिकेतल्या इंग्रजीत 'गेट टु नो' हे बहुतेक वेळा माणसाबद्दल येतं आणि त्यात वेळ जातो, 'वी गॉट टु नो ईच अदर' म्हणजे हळूहळू आमची ओळख वाढत गेली. ऑर्डर उशिरा येणार ही बातमी एका क्षणात कळते, तिथे 'आय फाउंड आउट' किंवा 'आय हर्ड' म्हणा, आणि ग्राहकाशी बोलताना तर 'आय कॅन सी दॅट युवर ऑर्डर इज लेट' हे सगळ्यात नीट वाटेल. या गेट टु चा अजून एक गोड वापर आहे तो जाता जाता शिकून घ्या, 'आय गेट टु मीट हर टुमॉरो' म्हणजे उद्या मला तिला भेटायला मिळणार, संधी मिळणार, आनंद आहे त्यात. आणि यात हॅव घुसलं की अर्थ उलटाच होतो, 'आय हॅव गॉट टु मीट हर टुमॉरो' म्हणजे उद्या तिला भेटावंच लागणार. भेटायला मिळणार आणि भेटावं लागणार, आपल्या भाषेत हा फरक केवढा मोठा आहे बघा, आणि तिकडे तो एका छोट्या हॅव वर उभा आहे.

'आय डिडन्ट गेट यू' मध्ये तुम्हाला म्हणायचं असतं तुमचं बोलणं कळलं नाही. पण माणसाला गेट करणं म्हणजे तो माणूस म्हणून कळणं, त्याचा स्वभाव समजणं. 'शी रिअली गेट्स मी' असं कुणी म्हणालं तर ती मला अगदी ओळखून आहे असा अर्थ. म्हणून शब्द नीट ऐकू आले नाहीत तर 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट' किंवा 'आय डिडन्ट कॅच दॅट' म्हणा. यू च्या जागी दॅट, बदल एवढाच.

बस मधून उतरण्याचं मला जरा सविस्तर सांगू द्या कारण एकदा कळलं की आयुष्यभर विसरत नाही. बस, ट्रेन, विमान, जहाज यांत तुम्ही उभे राहू शकता, चार पावलं चालू शकता, जणू एखाद्या जमिनीवरच आहात, म्हणून चढताना 'गेट ऑन' आणि उतरताना 'गेट ऑफ'. मोटारीत तुम्ही वाकून आत शिरता आणि बसूनच राहता, म्हणून 'गेट इन' आणि 'गेट आउट ऑफ'. सायकल, घोडा, मोटरसायकल यांच्यावर बसायचं असतं, तिथे पुन्हा ऑन आणि ऑफ. गेट डाउन हे शब्द आहेत, पण ते भिंतीवरून, झाडावरून, शिडीवरून खाली येण्यासाठी, किंवा गोळीबार वगैरे होतोय आणि कुणी ओरडलं 'गेट डाउन' तर खाली वाका. आता विचार करा, बस मधल्या माणसाला कुणी फोनवर गेट डाउन म्हणालं तर तो दचकेल की नाही? आणि 'इट गेट्स मी डाउन' म्हणजे त्याने माझं मन खचतं, हाही एक अर्थ लक्षात असू द्या.

प्रश्न : मी दहावीत आहे. 'वेक अप' आणि 'गेट अप' एकच ना?

नाही बाळा, जाग येणं आणि उठणं यात जो फरक आहे तोच. सहाला 'वेक अप' होऊन साडेसहापर्यंत अंथरुणात लोळत पडलास आणि मग उठलास, तर 'गॉट अप' साडेसहालाच. परीक्षेच्या काळात घरच्यांशी बोलताना हा फरक तुला चांगलाच माहीत असेल.

प्रश्न : आमचे साहेब माझ्या मसुद्यातले सगळे गेट खोडतात. 'वी गॉट युवर लेटर' लिहिलं तर लाल शाईने 'रिसीव्ड'. गेट हा खालच्या दर्जाचा शब्द आहे का?

खालच्या दर्जाचा मुळीच नाही, घरातला शब्द आहे. खुद्द इंग्लंडमध्येही निबंधात गेट आणि नाइस वापरू नका असं बजावणारे शिक्षक होऊन गेलेत, तुमचे साहेब काही एकटे नाहीत. त्यांचा मुद्दा पत्रव्यवहारापुरता मला पटतो. मराठीतच बघा ना, ऑफिसच्या पत्रात आपण 'आपले पत्र प्राप्त झाले' लिहितो आणि मित्राला 'तुझं पत्र मिळालं' म्हणतो. प्राप्त म्हणजे रिसीव्ड किंवा ऑब्टेन्ड, मिळालं म्हणजे गॉट, बरोबर तेवढंच अंतर. अर्जात, अहवालात, ठरावात गेट च्या जागी नेमका शब्द टाकला की वाचणाऱ्याचं कामही सोपं होतं, कारण गेट मध्ये मिळाला, आणला, विकत घेतला सगळंच मावतं आणि कागदोपत्री तसं संदिग्ध ठेवून चालत नाही. 'वी गॉट द मशीन इन मार्च' म्हणजे मशीन आलं की विकत घेतलं? बॉट किंवा रिसीव्ड लिहिलं की पुढे वाद नाहीत.

पण हेच बोलण्यात करायला गेलात तर उलटं होतं. सहकाऱ्याला 'डिड यू ऑब्टेन माय मेसेज' म्हणाल तर ते 'तुला माझा निरोप प्राप्त झाला का' इतकंच अवघडलेलं वाटेल. आणि काही ठिकाणी तर गेट काढताच येत नाही, लग्नाला 'गेट मॅरिड' च, त्याचं बिकम मॅरिड कुणी करत नाही. त्यामुळे साहेबांना मसुदा देताना रिसीव्ड लिहा, आणि जेवणाच्या सुट्टीत गॉट बोला, दोन्ही तुमचंच इंग्रजी आहे.

प्रश्न : आपण मराठीत दरवाजाचा गेट आणि हा गेट सारखाच लिहितो. उच्चारही सारखाच का? माझ्या मुलाला बोलण्याच्या परीक्षेत उच्चारात मार्क गेले.

सारखा नाही, आणि दोष मुलाचा नाही, आपल्या ए चा आहे. देवनागरीत ए एकच, इंग्रजीत त्या जागी दोन वेगळे स्वर आहेत. क्रियापदाचा गेट आखूड, जीभ जिथे सुरू झाली तिथेच थांबते आणि ट वर झटकन बंद. दरवाजाच्या गेट मध्ये स्वर ए पासून सुरू होऊन इ कडे सरकतो, जवळजवळ 'गेइट', जबडा किंचित मिटत जातो. आरशात तोंड बघून म्हणायला सांगा, दिसतं ते. अशा जोड्या खूप आहेत, लिहिण्याचा पेन आणि वेदनेचा पेन, परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट, करू दे वाला लेट आणि उशीरवाला लेट, ओला वाला वेट आणि थांब वाला वेट. मराठीत लिहिल्या की जुळ्या भावंडांसारख्या दिसतात आणि मुलं बिचारी लिहिलंय तसं वाचतात. रोज दोन जोड्या, मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकायचा, बास. काही जण आखूड करण्याच्या नादात 'गॅट' करून टाकतात, ते मात्र नको, तो तिसराच स्वर आहे. आणि अमेरिकन माणूस 'गेट अप' म्हणतो तेव्हा ते 'गेडप' सारखं ऐकू येतं, दोन स्वरांच्या मध्ये आलेला ट ते असा मऊ करतात, घाबरायचं कारण नाही.

प्रश्न : अमेरिकेतला माझा भाचा 'गॉटन' म्हणतो. आम्हाला शाळेत गेट, गॉट, गॉट शिकवलं होतं. त्याचं इंग्रजी बिघडलं का? आणि वय झालं तरी एक कुतूहल आहे, हा शब्द मुळात आला कुठून?

काका, भाचा अगदी बरोबर बोलतोय, आणि खरं तर तो जुनं बोलतोय. गॉटन हा अमेरिकेने काढलेला शब्द नाही. १६११ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या बायबलच्या भाषांतरात पहिलं मूल झाल्यावर ईव्ह म्हणते, 'आय हॅव गॉटन अ मॅन फ्रॉम द लॉर्ड'. त्या काळात लोक समुद्र ओलांडून अमेरिकेत गेले ते हा गॉटन बरोबर घेऊन गेले, आणि मागे इंग्लंडमध्ये मात्र पुढे तो वापरातून गेला. दूर गेलेल्या माणसांनी घरचा जुना शब्द सांभाळला आणि घर तो विसरलं, असं भाषांत पुष्कळदा होतं. आपल्या शाळांत ब्रिटिश इंग्रजी आलं म्हणून आपल्याला गॉट.

आणि अमेरिकन लोक दोन्ही वापरतात बरं का, त्यातून एक सोय करून घेतलीय त्यांनी. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी मिळवली, घेतली. भाच्याशी बोलताना कान देऊन ऐका, तो नकळत हा फरक पाळत असेल.

आता मूळ. आठव्या शतकाच्या शेवटापासून उत्तरेकडचे व्हायकिंग लोक इंग्लंडवर चालून यायला लागले, आधी लुटायला आणि मग राहायलाच, आणि शेजारी राहता राहता त्यांचे रोजचे शब्द इंग्रजीत मिसळले. स्काय, लेग, विंडो, टेक, अगदी दे हे सर्वनामसुद्धा त्यांचं. त्यांच्या भाषेत एक क्रियापद होतं गेता, मिळवणे, हाताशी येणे, तोच हा गेट, आणि इंग्रजी लिखाणात तो तेराव्या शतकाच्या आसपास दिसायला लागतो. त्याआधी इंग्रजीकडे याच कुळातला स्वतःचा शब्द होता, पण एकटा नाही, आधी उपसर्ग लावलेलाच, आणि त्यातला ग त्या वेळी य सारखा मऊ उच्चारला जायचा. आज आपण जो ठसठशीत ग म्हणतो तो व्हायकिंगांकडून आलाय.

मूळ अर्थ हाताशी येण्याचा होता हे एकदा कळलं की बरंच काही उलगडतं. 'आय गेट इट' म्हणजे मला समजलं, कारण समजणं म्हणजे मनाने धरणं, आपणही म्हणतोच की त्याने मुद्दा बरोबर पकडला, आणि ग्रहण करणे यातही धरणंच आहे. आणि उपसर्ग लावलेला तो जुना शब्द अजून तुमच्या आमच्या तोंडात आहे, फर्गेट. त्यातला पुढचा फर म्हणजे सुटून जाणं, निसटणं, आणि मागे हाच गेट. धरलेलं मनातून निसटलं की फर्गेट. इंग्लंडने गॉटन सोडला तरी फर्गॉटन मधला गॉटन मात्र त्यांनाही सोडता आलेला नाही, भाच्याला हे नक्की सांगा.